दहावा छर्रा

“हातोडा आण,” दाजी म्हणाले.

आमच्या घरात जावयाने हातोडा मागितला की हातोडा आणतात, कशाला म्हणून विचारत नाहीत. आईने फक्त एवढंच विचारलं, “मोठा का बारका?”

“मोठा. आणि छिन्नी असली तर बघा.”

माझ्या सायकलचं मागचं चाक अंगणात पोत्यावर आडवं ठेवलं होतं आणि दाजी हात मागे बांधून त्याच्याभोवती फिरत होते, मुलगी बघायला आल्यासारखे. तेही त्यांनी केलेलं आहेच. तेरा वर्षांपूर्वी माझ्या अक्काला त्यांनी याच अंगणात चालून दाखवायला लावलं होतं आणि पास केलं होतं.

अक्का आता उंबऱ्यात बसून पुरणाची डाळ निवडत होती. दाजी आले की पुरणपोळी, हा आमच्याकडचा कायदा.

शनिवारची सकाळ होती. रविवारी सात वाजता यवतेश्वरच्या पठारावर राज्य संघाची निवड चाचणी. डोंगरातली सायकल शर्यत, दगडधोंड्यांतून अठरा किलोमीटर. पहिल्या तिघी संघात, बाकीच्या घरी. आणि घरी म्हणजे काय, ते आईने आधीच सांगून ठेवलं होतं. “ही शेवटची. निवड झाली तर खेळाडूंच्या जागेतून नोकरीचं बघ. नाय झाली तर दाजींनी आणलेलं स्थळ बघायचं. तोंड वाकडं न करता.”

स्थळ म्हणजे दाजींचा चुलतभाऊ. पुढच्या रविवारी पोहे खायला येणार होता. मुलगा चांगला होता. चांगला म्हणजे दारू पीत नव्हता, तंबाखू खात नव्हता, भांडत नव्हता. काय काय करत नव्हता याची यादी मोठी होती. काय करत होता, हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

वडील मी दहावीत असताना गेले. तेव्हापासून आमच्या घरातला पुरुषमाणूस म्हणजे दाजी. वर्षातून सहा वेळा यायचे आणि बारा महिने पुरायचे. श्रीरंग फडतरे, कंपनीत होते. कंपनीत काय होते, ते आईने कधी विचारलं नाही. मी विचारलं होतं. स्टोअरमध्ये होते. सकाळी कामगारांना पाने-हातोडे द्यायचे, सही घ्यायची, संध्याकाळी परत जमा करायचे. पंधरा वर्षं हत्यारांच्या शेजारी बसून माणूस मेकॅनिक होत असेल, तर देवळाबाहेर चपला सांभाळणारा एव्हाना संत व्हायला पाहिजे.

पण त्यांचा लौकिक मोठा होता. त्यांच्या घरातला पंखा त्यांनी स्वतः खोलून जोडला होता. मिक्सर, नळ, शेगडी, शिलाई मशीन, सगळं. “आमच्या घरात बाहेरचा मेकॅनिक पाऊल टाकत नाही,” असं ते प्रत्येक लग्नात पहिल्या पंगतीला सांगायचे. आणि लगेच अक्काकडे मान करून, “हिला स्टोव्हला पिन मारता येत नाही.” पंगत हसायची. अक्कापण हसायची.

तर चाक. चाकाच्या मधोमध जो डबा असतो, ज्याच्यात बेअरिंगचे छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, फिरतात, त्याला हब म्हणतात. माझा मागचा हब पंधरा दिवस दळत होता. सरावाला ओढ्यातून सायकल घातली होती, आत पाणी आणि रेती गेली असणार. पॅडल मारलं की जात्यासारखा आवाज. शहरात एक मोठं शोरूम होतं, काचेचं, आत एसी. तिथल्या पोराने चाकाला बोटसुद्धा न लावता सांगितलं, “मॅडम, याला स्पेशल टूल्स लागतात. पुण्याला पाठवावं लागेल. दहा दिवस.” शर्यत आठ दिवसांवर होती. मी म्हटलं, तुमच्याकडे काय आहे मग? तो म्हणाला, “हेल्मेट आहेत, पाण्याच्या बाटल्या आहेत.”

मी त्याच शोरूमच्या काचेबाहेर पायरीवर बसून, त्यांचा मेकॅनिक काम सोडून पुण्याला जायच्या आधी, त्याला हब खोलताना दोनदा बघितलं होतं. तेवढीच माझी शाळा. त्यात मला एक कळलं होतं, की स्पेशल टूल्स म्हणजे मुळात एक पातळ पाना. एक्सलवर, म्हणजे हबच्या आरपार जाणाऱ्या दांड्यावर, डाव्या बाजूला बाहेर एक नट असतो आणि त्याच्या आत छर्रे दाबून धरणारा कोन. दोन्ही एकमेकांवर आवळलेले. कोनाला धरायचं तर तिथे नखाएवढी फट असते, नेहमीचा जाड पाना त्यात शिरत नाही. हे रडगाणं मी अक्काला फोनवर सांगितलं होतं. आणि काय नवल, शनिवारी दाजी आले ते पंधरा नंबरचा पाना कंपनीतल्या ग्राइंडरवर दोन्ही बाजूंनी पातळ घासूनच. पत्र्यासारखा केलेला.

“डोकं लागतं,” दाजी पाना उन्हात धरून म्हणाले. “हे दुकानात मिळत नाही.”

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल आदर वाटला होता. हातोडा मागेपर्यंत टिकला.

“दाजी, हातोडा कशाला?”

“आधी गिअरची चक्री काढायला पाहिजे. ती काढल्याशिवाय आत कसं जाणार?”

“ती नाही काढायची. डावीकडून नट आणि कोन सोडला की अख्खा एक्सल उजवीकडून बाहेर येतो. चक्री राहू द्यायची तिथंच.”

“कुणी सांगितलं?”

“मी बघितलंय.”

“बघितलंय!” दाजी आईकडे बघून हसले. “मी रोज टीव्हीवर क्रिकेट बघतो.”

आई हातोडा घेऊन आली. तेवढ्यात उंबऱ्यातून अक्काचा आवाज आला, डाळीतून मान वर न करता. “अहो, कंपनीत तुम्ही ते पंपाचं केलं होतं ना, एका बाजूनं खोलून. सांगत होता बघा मागं.”

दाजी थांबले. त्यांना पंप आठवला का नाही, देव जाणे. पण आपण काहीतरी केलं होतं हे ऐकून नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

“तेच म्हणतोय मी,” ते म्हणाले. “पंपासारखंच. एका बाजूनं.”

हातोडा गेला. नट सुटला, कोन सुटला. उजवीकडून मी एक्सल ओढला तसा काळा चिखल आणि त्यात बुडालेले छर्रे पोत्यावर सांडायला लागले. अक्का उठली, स्टीलची वाटी खाली धरली, चाक तिरपं केलं, सगळे वाटीत घेतले. त्यात थोडं रॉकेल ओतून तिने वाटी हलवली.

“अठरा आहेत,” ती म्हणाली. “नऊ-नऊ.”

“तू डाळ बघ,” दाजी म्हणाले.

ती डाळ बघायला गेली.

छर्र्यांना खड्डे पडले होते, म्हणून दाजींनी येताना नवीन पुडी आणली होती. पुडीत वीस. हबच्या आतल्या कटोऱ्या आम्ही जुन्या टूथब्रशने रॉकेल लावून घासल्या, फडक्याने कोरड्या केल्या, पिवळं ग्रीस भरलं. उजवी बाजू चक्रीच्या आड खोल असते, दाजींची बोटं तिथे पोचत नव्हती, म्हणून ती मी भरली. काडेपेटीच्या काडीने एकेक छर्रा ग्रीसमध्ये बसवला. नऊ. डावी बाजू दाजींनी घेतली.

नऊ झाल्यावर ते थांबले. वाकून बघितलं. डोळा बारीक केला.

“जागा आहे.”

“असते दाजी. तेवढी फट ठेवायचीच असते. छर्रे फिरायला पाहिजेत ना.”

“फट ठेवायची असते?” त्यांनी माझ्याकडे करुणेने बघितलं. “मोहिनी, बाळ, तू अजून जग बघितलं नाहीस. हे कंपनीवाले एका चाकामागे एक छर्रा वाचवतात. लाख चाकं काढली की लाख छर्रे. माझ्यासमोर चालतं हे सगळं. मी स्टोअरला आहे.”

“अहो, पण जुने अठराच निघाले—”

“कारण त्यांनी अठराच घातले! चोरानं चोरी केली म्हणून आपण पण करायची? आणि पुडीत वीस का देतात मग? उगाच?”

आणि त्यांनी दहावा छर्रा घातला. तो बसला नाही. त्यांनी अंगठ्याने दाबला. तो जरासा बसला आणि शेजारचा वर आला. शेजारच्याला दाबलं. पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्याला बसवताना बाकीचे कसे ढुंगण सरकवतात, तसं चाललं होतं. शेवटी कोनाने सगळ्यांनाच दाबून टाकलं. विसावा छर्रा त्यांनी पुडीत परत ठेवला. “हा स्पेअर.”

मी एक्सल धरून चाक फिरवलं. चाक फिरलं. फिरलं म्हणजे नवस फेडायला लोटांगण घालत निघाल्यासारखं, दर अर्ध्या वेढ्याला अडत. बोटांना कटकट लागत होती.

“अडतंय.”

“नवीन ग्रीस आहे. बसायला वेळ लागतो. संध्याकाळपर्यंत बघ, पाण्यासारखं फिरेल.”

“नाही फिरणार. तुम्ही दहा घातलेत. उद्या चढावर जोर लावला की छर्रे फुटणार, आणि मी दगडात बसणार चाक हातात घेऊन. ते खोला.”

“खोला?” दाजी हळू म्हणाले.

“खोला नाहीतर पाना मला द्या. मी खोलते.”

आता बाहेरच्या माणसाला वाटेल यात काय झालं. काहीच नाही. एका बाईने एका माणसाला सांगितलं की तुमचं चुकलं. पण तो माणूस जावई होता. दाजी उठले, साबणाने सावकाश हात धुतले, टॉवेलला पुसले, पाना पिशवीत ठेवला आणि म्हणाले, “रतन, कपडे भर. निघू या.”

आई पुरणाचा झारा घेऊन बाहेर धावली. “अहो, असं काय करता? पोळ्या लाटायला घेतल्यात!”

“मान नाही तिथं पोळी नको.”

“लहान आहे ती. अक्कल नाही. मोहे, माफी माग.”

“कशाबद्दल?”

“माग म्हणते ना!”

“आई, दहा बसत नाहीत. अकरा माफ्या मागितल्या तरी दहा बसणार नाहीत.”

शेवटी माफी अक्काने मागितली. तिची काही चूक नव्हती, त्यामुळे तिलाच ते सोपं गेलं. दाजी अर्धा तास ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसले आणि मग सात पुरणपोळ्या खाल्ल्या. कटाची आमटी दोनदा मागितली. जेवून पिशवी उशाला घेतली आणि झोपले. पाना पिशवीत, पिशवी डोक्याखाली.

मला तीनच्या आत शहरात जाऊन छातीवरचा नंबर घ्यायचा होता आणि डॉक्टरचा कागद द्यायचा होता. मी स्वयंपाकघरात गेले. अक्का शेवटच्या पोळ्या भाजत होती.

“अक्का, पाना काढून दे ना. तुझा हात लागला तर ते जागे व्हायचे नाहीत. मी नंबर घेऊन आले की खोलते.”

आईने ऐकलं. “जावयाच्या पिशवीला हात लावायचा नाही या घरात. कुणीच.”

“उद्या माझं काय होणार आहे, कळतंय का कुणाला?”

“कळतंय,” अक्का म्हणाली. “तू आधी नंबर घेऊन ये. पोळी खाऊन जा.”

“नको मला पोळी.”

“ते म्हणाले ना, ग्रीस बसतं म्हणून. बसेल.”

मी तिच्याकडे बघत राहिले. तव्यावरची पोळी तिने उलटली. तूप सोडलं.

“तू पण?” मी म्हटलं. “तुला खरंच वाटतं बसेल? का तेरा वर्षं मान हलवून हलवून आता मानेचा स्क्रूच ढिला झालाय?”

“पोळी डब्यात देऊ का?”

“तुझ्यासारखं जगण्यापेक्षा मी चाकाखाली मेलेली बरी.”

हे मी बोलले. लिहिताना गाळायचं मनात होतं, पण मग दाजींना नावं ठेवायचा हक्क राहत नाही.

मी दणदण पाय आपटत निघाले, वडापची जीप धरली, शहरात गेले. रांगेत दोन तास उभी राहिले. पुढे एक पुण्याची मुलगी होती, तिच्या सायकलसाठी वेगळा माणूस होता आणि तिच्यासाठी वेगळा. मला नंबर मिळाला एकतीस. सगळा वेळ मी भाषणं तयार करत होते. दाजींना काय बोलायचं, आईला काय, अक्काला काय. फार भारी भाषणं होती. परत येऊन पिशवी सरळ ओढून घ्यायची, राडा झाला तर झाला, असं ठरवूनच मी साडेपाचला अंगणात पाऊल टाकलं.

सायकल भिंतीला उभी होती. मागचं चाक बसवलेलं. दाजी खुर्चीत बसून चहा पीत होते.

“फिरवून बघ,” ते म्हणाले.

मी सायकल मागून उचलली आणि चाकाला एक टिचकी मारली.

चाक फिरायला लागलं. फिरतच राहिलं. कटकट नाही, दळण नाही. हवेत हात फिरवल्यासारखं, आवाजच नाही. मी एक्सलच्या दोन्ही बाजूंना धरून चाक हलवून बघितलं. कुठेही खिळखिळ नाही. थांबताना चाक शेवटी जरासं मागे झुललं, जसं नीट बसलेल्या चाकाने झुलायला पाहिजे तसं.

“काय म्हणालो होतो? संध्याकाळपर्यंत.” दाजींनी बशीत चहा ओतला. “ग्रीस बसलं.”

सगळी भाषणं बोंबलली.

“बोल की आता काहीतरी,” आई म्हणाली. “सकाळी लय बोलत होतीस.”

आणि मी, जिला अख्ख्या आळीत तोंडाळ म्हणून ओळखतात, ती त्या माणसासमोर उभी राहून म्हणाले, “दाजी, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं.”

“असू दे, असू दे,” दाजी म्हणाले. “पुस्तक वेगळं, अनुभव वेगळा.”

अक्का कपबशा उचलायला आली. तिच्या नखांत काळं होतं.

“हात कसले गं?” आईने विचारलं.

“तवा घासला,” अक्का म्हणाली आणि आत गेली.

चाचणीचं फार सांगत नाही. शर्यत जिंकलेली माणसं शर्यतीबद्दल फार बोलतात, आणि मी जिंकले नव्हते. तीन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत मी सातवी होते. माझी सायकल एका इंजिनिअरिंगच्या पोराने कंटाळून विकलेली, बाकीच्यांच्या सायकली तिच्या निम्म्या वजनाच्या. पण चढ आला की वजन एकट्या सायकलचं नसतं. चढावर मी एकेकीला मागे टाकत गेले. दरवेळी जोर लावताना कान मागे होते. आता वाजेल, आता फुटेल. वाजलं नाही. शेवटच्या चढावर माझ्या पुढच्या मुलीच्या सायकलचा आवाज मला ऐकू येत होता आणि माझ्या सायकलचा मलाच येत नव्हता. तिला मी उतारावर गाठलं, शेवटच्या दगडी पट्ट्यात. एका चाकाच्या अंतराने तिसरी आले.

तिसरी म्हणजे संघात.

मी जमिनीवर आडवी पडून श्वास घेत होते आणि डोक्यावर दाजींचा आवाज चालला होता. “मागचा हब? घरीच केला. स्पेशल टूल वगैरे काही नाही. कंपनी नऊ छर्रे घालते, मी दहा घातले. फरक बघा.” आठ-दहा माणसं जमली होती. शोरूमचा तो पोरगासुद्धा हेल्मेट विकायचं सोडून ऐकत होता. शप्पथ सांगते, तो मान हलवत होता.

दुपारी घरी ते निघायच्या तयारीत होते. दाजी बाहेर मोटारसायकल पुसत शेजारच्या काकांना हब समजावत होते. आत आईने अक्काची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड. आई देवघरात दिवा लावायला वळली तेव्हा अक्काने पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. थंड, गोल, ग्रीसने अजून जरा चिकट.

छर्रा.

“ठेव तुझ्याकडं,” ती म्हणाली. “माझ्याकडं सापडला तर कशाचा म्हणून विचारतील.”

“कधी?”

“तू गेलीस. ते घोरत होते. आई देवळात गेली. अर्धा तास लागला.”

“पाना?”

“पिशवीत हात घालायला किती लागतं. डोक्याखाली उशी सारली आणि पिशवी काढली.”

“पण तुला येतं हे?”

अक्का हसली. पंगतीत हसायची तसं नाही. “आमच्या घरातला पंखा बघितलास ना? त्यांनी जोडला तेव्हा उलटा फिरत होता. मिक्सरचे चार स्क्रू उरले होते. नळाचं तर विचारू नकोस. ते खोलतात, जोडतात, झोपतात. मग मी खोलते आणि जोडते. पहिल्या वर्षी एक मशीन बिघडवलं, नंतर नाही.”

“आणि तो पंप? कंपनीतला?”

“कसला पंप?” ती म्हणाली. “पाना घासून आणायचं तरी त्यांना कुणी सुचवलं असेल?”

मी मूठ आवळली. “मी आत्ताच्या आत्ता सांगते त्यांना. त्या काकांसमोर.”

अक्काने माझं मनगट धरलं. तिच्या हातात एवढा जोर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

“सांग. मग काय होईल माहीत आहे? पाने, स्क्रूड्रायव्हर, सगळी पेटी कुलपात जाईल. किल्ली त्यांच्या खिशात. मग ते खोलतील आणि तसंच राहील. मी काय करू दिवसभर त्या घरात? पोळ्या?”

बाहेरून दाजींची हाक आली. “रतन! आटपा!”

“अक्का, काल मी जे बोलले—”

“पोळी खायला पाहिजे होतीस,” ती म्हणाली. “चांगल्या झाल्या होत्या.”

आम्ही बाहेर आलो. दाजी गाडीवर बसले होते. अक्का ओटीचा पदर पोटाशी धरून मागे बसली, एका बाजूला पाय करून. काका उभे, आई उभी, समोरच्या घरातल्या दोघी उभ्या. निरोपाला आमच्याकडे एवढी माणसं जमतातच.

“पाहुण्यांना मी सांगतो,” दाजी मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “मुलगी राज्याकडून खेळणार आहे, आता पोहे वगैरे नंतर. चाक मी फिरवलंय, आता ते मीच कसं थांबवू?”

आई पदराने डोळे पुसायला लागली. काकांनी मान डोलावली.

माझ्या मुठीत छर्रा होता. जीभ तर तयारच होती. मी अक्काकडे बघितलं. ती समोर बघत होती, दाजींच्या मानेकडे, जिथे ते काहीही बघू शकत नव्हते.

“दाजी,” मी म्हणाले, “एक मागू?”

“माग की.”

“तो पाना द्या मला.”

त्यांचा चेहरा जरा उतरला. “पाना? अगं, तो खास बनवलेला. परत तसा नाही व्हायचा.”

“म्हणून तर. तुमची आठवण म्हणून ठेवते. जन्मभर.”

आठवण हा शब्द लोकांसमोर ऐकून नाही म्हणेल तो जावई कसला. दाजींनी पिशवी उघडली, पाना काढला, रुमालाने पुसला आणि सत्कारात नारळ देतात तसा दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवला. समोरच्या दोघींनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

मी वाकून दाजींच्या पाया पडले. मग अक्काच्या पाया पडायला दुसऱ्या बाजूला गेले. आणि उठता उठता तिच्या पदरात, खणाखाली, तांदळात, तो पाना सारला. तांदळात तो आवाज न करता गेला. तिने खाली बघितलं नाही. फक्त ओटीवरचा हात जरा घट्ट केला.

“नीट खा,” ती मला म्हणाली.

दाजींनी किक मारली. गाडी चालू झाली नाही. दुसरी मारली, तिसरी मारली. मागून अक्का हळूच काहीतरी म्हणाली. दाजी म्हणाले, “माहीत आहे मला,” आणि पेट्रोलचा कॉक उघडला. मग गाडी गेली.

याला आता पंधरा वर्षं झाली. मला नोकरी लागली, त्या चुलतभावाचंही लग्न झालं, तो अजूनही दारू पीत नाही. दाजी रिटायर झाले. प्रत्येक लग्नात ते दहाव्या छर्र्याची गोष्ट सांगतात. गोष्टीत मी आता पहिली येते. मी समोर बसून ऐकते. माझ्यासारख्या बाईला यापेक्षा मोठी शिक्षा कुणी दिली नसती.

छर्रा माझ्या कुंकवाच्या करंड्यात आहे. पाना कुठे आहे ते अक्काने मला सांगितलेलं नाही, पण त्यांच्या घरात बाहेरचा मेकॅनिक अजून पाऊल टाकत नाही.

हे लिहायच्या आधी मी तिला फोन केला. लिहू का, विचारलं. नाव बदलून लिहिते म्हटलं.

“नाव कशाला बदलतेस,” ती म्हणाली. “ते कुठं वाचतात. त्यांना सगळं येतं.”

मागे कुठलं तरी मशीन घरघरत होतं. मध्येच ते बंद पडलं. “थांब, ठेवते,” ती म्हणाली. “ते आत्ताच झोपलेत.”